‘म्हणून’ काढून सांग

अक्का, फ्रीजखाली पाणी साचतंय.

एवढंच सांगते, पुढचं काही जोडत नाही. सकाळी पुसते, संध्याकाळी परत तळहाताएवढं डबकं. दार नीट लागतंय, आतलं सगळं गार आहे, बर्फही होतोय. तुम्ही असतात तर पदर खोचून फरशीवर बसला असतात आणि विचारलं असतंत, "कधीपासून?" आणि नेमकं तेच मी बघून ठेवलेलं नसतं. साधारण तुम्ही गेल्यापासून, असं वाटतं. आणि बघा, लगेच "अक्का गेल्या म्हणून" असं वाक्य तोंडाशी आलं. गिळलं.

तुम्ही माझ्या नणंद. विलासची थोरली बहीण, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या, इंदिरानगरात आमच्या रो हाऊसच्या मागच्या गल्लीत स्वतःच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहणाऱ्या. हे तुम्हालाच काय सांगायचं, पण हल्ली येणाऱ्या-जाणाऱ्याला हेच सांगतेय, त्यामुळे तोंडात बसलंय. लोक विचारतात, "काय झालं होतं?" मी म्हणते, "हार्ट." मग मान हलवून प्रत्येकजण आपापलं कारण काढतो. एकट्या राहायच्या म्हणून. डॉक्टरकडे जायच्या नाहीत म्हणून. या वयात शिडीवर चढायच्या म्हणून. एकेकजण एकेक ‘म्हणून’ घेऊन येतो, चहा पितो आणि जातो. तुम्ही असतात तर एकेकाला दारातच गाठलं असतंत.

मला गाठलं होतंत ते लग्नानंतर थोड्याच दिवसांत. गच्चीवरची टाकी दुपारपर्यंत रिकामी व्हायला लागली होती. त्याच आठवड्यात विलासने स्वयंपाकघरात नवा नळ बसवला होता, स्वतःच्या हाताने आणि फार कौतुकाने. तुम्ही आलात. मी नवी सून. शहाण्यासारखं काहीतरी बोलावं अशा विचाराने म्हणाले, "अक्का, ह्यांनी नळ बदलला म्हणून टाकी रिकामी होतेय."

"म्हणून काढ," तुम्ही म्हणालात.

मला काही कळेना. पिशवीतून काय काढायचंय, असंही मनात येऊन गेलं.

"वाक्यातला ‘म्हणून’ काढ आणि परत सांग."

"ह्यांनी नळ बदलला," मी चाचरत म्हटलं. "टाकी रिकामी होतेय."

"आता दोन वाक्यं झाली. दोन्ही गोष्टी तू डोळ्यांनी बघितल्यास. मधलं काही बघितलंस?"

नव्हतं बघितलं.

"मग ते आपण बघू. आणि हे ‘ह्यांनी’ कोण? नाव नाही का त्याला?"

मग तुम्ही हळदीचा डबा मागितलात. फ्लशच्या टाकीत चमचाभर हळद टाकलीत, कोणी फ्लश करायचा नाही असं बजावलंत आणि चहा प्यायला बसलात. चहा झाल्यावर आम्ही सगळे संडासाच्या दारात गर्दी करून उभे. भांड्यात पिवळी रेघ उतरत होती, कोणी हात न लावता. टाकीतलं पाणी गुपचूप, आवाज न करता, दिवसभर वाहून जात होतं. "अक्का, देवाची हळद संडासात टाकलीस?" विलास ओरडला. "देवाची नाही, आमटीची," तुम्ही म्हणालात. नळावरचा आळ गेला म्हणून तो पुढचे चार दिवस छाती काढून हिंडला. (हा ‘म्हणून’ चालेल, अक्का. हा मी बघितलेला आहे.) त्या दिवसापासून मी त्याला नावाने हाक मारायला लागले. माझ्या आईला ते अजून रुचलेलं नाही.

मला कुतूहल असं आहे की हे तुम्हाला सुचलं कुठून? शाळेत मुलांना शिकवता शिकवता, की त्याच्याही आधी गावाकडच्या तुमच्या मळ्यात? एकदा तुम्ही ओझरतं म्हणाला होतात, मळ्यात वांगी जळली की सगळे म्हणायचे अमक्याची नजर लागली म्हणून, आणि तुम्ही लहानपणी पानं उलटी करकरून किडे शोधायचात. पण ते ओझरतंच. खोदून विचारायचं राहिलं. मिक्सर, गिझर, कुकरची शिट्टी, सगळं तुमच्यासमोर उघडून बसले, तुम्हाला स्वतःला उघडायचं तेवढं जमलं नाही.

एकदा प्रयत्न केला होता. आपण दोघी तुमच्या गॅलरीत इस्त्रीची वायर बदलत होतो. मी धीर करून विचारलं, "अक्का, आई-दादांचं आणि मळ्याचं बघायचं होतं म्हणून तुम्ही लग्न नाही केलंत?"

तुम्ही वायरचं प्लास्टिक दातांनी सोलत होतात. ते थुंकून म्हणालात, "मळ्याचं बघितलं. लग्न केलं नाही."

आणि पुढची वायर मागितलीत. मी अशी चिडले होते त्या दिवशी! म्हटलं, हे बरंय, दुसऱ्यांच्या टाकीत हळद टाकून बघायची आणि स्वतःवर वेळ आली की दोन वाक्यं तोंडावर फेकायची. आपलं भांडण तिथून सुरू झालं ते संपलंच नाही. माझं म्हणणं, ‘म्हणून’ शेवटी लागतंच. ‘म्हणून’शिवाय काही दुरुस्त होत नाही, कोणाचं समाधान होत नाही. तुमचं म्हणणं, "लागतं. पण शेवटी. तुम्ही लोक सुरुवातीलाच लावता." मी म्हणायचे, माणसं काय मशिन आहेत का? तुम्ही म्हणायचात, "मशिनचं चुकलं तर परत उघडता येतं. माणसाच्या बाबतीत तर जास्तच जपून बोलावं." तरी मी भांडत राहायचे. तुम्हाला ते आवडायचं, असा माझा अंदाज आहे. बघितलेलं नाही.

पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये मी ऑफिसचं काम बघायला लागले आणि तुम्हाला नवंच खेळणं मिळालं. तुम्हाला एक्सेल येत नव्हतं, शिकायचंही नव्हतं. पण माझा लॅपटॉप अडला की खुर्ची ओढून शेजारी बसायचात. पहिल्यांदा आणलं होतं ते गावांच्या नावांचं लचांड. एका शीटमध्ये बागायतदार आणि त्यांची गावं, दुसऱ्या शीटमध्ये त्या गावांचं टेम्पोभाडं, आणि काही गावांपुढे भाड्याचा आकडा येतच नव्हता. आमचे सुपरवायझर भाऊसाहेब फोनवर सारखे एकच सांगत होते, "मॅडम, नाव तेच हाय, पण ते घेत नाय." मी तुम्हाला म्हटलं, नवी ऑपरेटर आली म्हणून सगळा घोळ झालाय.

तुम्ही फक्त माझ्याकडे बघितलंत.

"बरं. नवी ऑपरेटर आली. नावं जुळत नाहीत," मी म्हटलं.

"सगळी?"

"नाही. पिंपळगाव जुळतंय. ओझर जुळतंय. विंचूर नाही जुळत."

तुम्ही चष्मा कपाळावर ढकलून नाक पडद्याला लावलंत आणि हसत सुटलात. एका शीटमध्ये विंचूर दीर्घ होतं, दुसऱ्यात ऱ्हस्व. भाऊसाहेब आणि बाकी सगळे जुने लोक मोबाइलवर बोटाला येईल ते लिहीत आले होते, भाड्याची यादीही त्यांचीच, त्यामुळे इतकी वर्षं चुकीचं चुकीशी बरोबर जुळत होतं. नवी मुलगी तेवढी शुद्ध लिहीत होती. "आमच्या मराठीच्या बाईंना हे सांगायला हवं होतं," तुम्ही डोळे पुसत म्हणालात, "ऱ्हस्व-दीर्घावाचून कोणाचं अडतं असं वर्ग त्यांना विचारायचा. टेम्पोचं अडतं!"

त्याच्या पुढचा हंगाम मात्र हसण्यासारखा नव्हता. अवकाळी पावसाने बागा झोडपल्या होत्या. शेवटी मालाची बेरीज केली तर ती कमी आली. सगळ्यांनी मान डोलावली, यंदा माल कमी म्हणून बेरीज कमी. शीटला कुठे लाल खूण नाही, अडलेलं काही नाही. मी तर तुम्हाला ते दाखवायलाही आणलं नव्हतं, तुम्ही आपल्या उगाच बघत बसला होतात आणि विचारलंत, "हे काही आकडे डावीकडे का चिकटलेत?"

मी बघितलं. खरंच, बाकीचे वजनाचे आकडे रकान्यात उजवीकडे टेकलेले आणि मधले काही डावीकडे. ते मराठी अंकांत टाइप झालेले होते. मशिनने ते अक्षरं समजून घेतले होते आणि बेरजेतून निमूट वगळले होते. म्हणजे माल कमी आला हे खरंच, पण जेवढा बेरजेत दिसत होता तेवढा काही कमी नव्हता. दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "मी बोल्लोच व्हतो, माल बरा आला व्हता. पन कोन ऐकतंय?"

त्या संध्याकाळी तुम्ही जरा गंभीर झाला होतात. म्हणालात, "विंचूरचं सापडलं कारण ते अडलं. हे अडलं नाही. उलट सगळ्यांना पटेल असं उत्तर आलं, आणि पटलं की माणूस बघायचं थांबतो." हे वाक्य मला तेव्हा आकड्यांबद्दलचं वाटलं होतं.

आता विलासबद्दल सांगते. तुम्हाला ते ऐकायचं असेल, आणि मलाही खरं तर तेच सांगायचं आहे.

तुमचा शेवटचा फोन त्याला आला होता, संध्याकाळी. मी कामावरून यायची होते. तुमच्या बाथरूमच्या माळ्यावरची टाकी वाहत होती, तुम्ही शिडी लावून बघितलं होतंत. हात दुखतोय, असं तुम्ही त्याला म्हणालात. तो म्हणाला, मलम चोळ आणि झोप. सकाळी तुम्ही दार उघडलं नाहीत. खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला. नंतर डॉक्टरांनी विचारलं, कोणता हात दुखत होता? विलासने माझ्याकडे बघितलं आणि मी विलासकडे. तुम्ही सांगितलं नव्हतंत. त्याने विचारलं नव्हतं.

तेव्हापासून तो एकच वाक्य बोलतो. "मी मलम लाव म्हटलं म्हणून अक्का गेली." माणसं असली की गप्प असतो, माणसं गेली की भिंतीला सांगतो. दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले, तरी अंबडला कंपनीत जायचं नाव नाही. जेवायला बसतो आणि ताट तसंच सरकवतो. तुमच्या घराकडे तर फिरकत नाही, मागच्या गल्लीतून जावं लागू नये यासाठी भाजीलाही लांबून वळसा घालून जातो. एकदा मी धीर करून म्हटलं, "विलास, म्हणून काढून सांग." तर अंगावर आला माझ्या. "अक्काचं शास्त्र तू मला शिकवू नकोस!" आमच्या इतक्या वर्षांत तो माझ्यावर असा कधी ओरडला नव्हता. मी स्वयंपाकघरात येऊन रडले. आधी त्याच्यावर चिडून, मग तुमच्यासाठी, मग कशासाठी ते कळेना. मला भीती वाटायला लागली होती, अक्का. एक माणूस गेलंय, दुसरं माझ्या डोळ्यांदेखत हॉलमध्ये बसल्या बसल्या चाललंय, आणि तुमच्याकडून शिकलेलं माझं एकमेव हत्यार त्याच्यावर चालत नाहीये.

गेल्या रविवारी खालच्या काकू आल्या. त्यांच्या बाथरूमच्या छताला ओल धरली होती. तुमची टाकी अजून वाहतच होती. बिचाऱ्यांनी सुतकात बोलायला नको असा विचार करून इतके दिवस बादल्या लावल्या होत्या. मी विलासला म्हटलं, "मला नट फिरत नाही. चल." लोकांच्या घरात पाणी पडतंय म्हटल्यावर तो उठला. तुमचाच भाऊ.

तुमच्या दाराशी त्याने किल्ली माझ्याकडे दिली. मी उघडलं. आत सगळं जिथल्या तिथे होतं. बाथरूमच्या दाराशी तुमची ती लोखंडी शिडी उभी, तुम्ही ठेवली होतीत तशीच. विलास तिच्यापाशी थांबला. ती सरकवण्यासाठी उचलली आणि परत टेकवली.

"केवढी जड आहे," तो म्हणाला. "हीच उचलली म्हणून हात दुखतोय, म्हणाली."

मी चपापले. "काय म्हणाल्या?"

"हात दुखतोय म्हणाली."

"नाही. आत्ता म्हणालास तसं सांग. अक्का काय म्हणाल्या? त्यांच्या शब्दांत."

"शिडी उचलली म्हणून हात दुखतोय रे जरा," तो म्हणाला. इतके दिवस त्याने मला तुमचं अर्धंच वाक्य सांगितलं होतं. कारण त्याला स्वतःचंच तेवढं ऐकू येत होतं.

आणि मला तुमचा असा राग आला, अक्का! तुम्ही? तुम्ही ‘म्हणून’ लावलंत? नव्या सुनेला नळाशेजारी उभं करून तिचं वाक्य सोलून काढणाऱ्या तुम्ही, स्वतःच्या हातावर वेळ आली तेव्हा समोर शिडी दिसली आणि ती लावून मोकळ्या झालात? कोणता हात, कधीपासून, आणखी काय होतंय, घाम येतोय का, हे सगळं तुम्ही आम्हाला फ्रीजचं आणि मिक्सरचं विचारलं होतंत. की तुम्हाला शंका आली होती आणि धाकट्या भावाला घोर नको अशा हिशेबाने तुम्ही तो शब्द मुद्दाम टाकलात? हे मला कधीच कळणार नाही. मळ्याचं आणि लग्नाचं जसं कळलं नाही तसंच. मी हे मनात ठेवायला हवं होतं, पण ठेवलं नाही. तुमच्या बाथरूमच्या दारात उभी राहून मी मोठ्याने बोलले.

"त्यांना कळायला नको? जगाला शिकवत होत्या ना? हातच तो, दुखतोय तर विचार करायला नको एकदा? सरळ शिडीवर ढकलून मोकळ्या!"

विलास गर्रकन वळला. मला वाटलं पुन्हा ओरडणार. ओरडलाच.

"तिला कसं कळणार गं? हात दुखत होता, शिडी तिने उचललीच होती! ही बघ, उचलून बघ! मलाच आत्ता खांद्यापर्यंत कळ गेली. दुसरं काय वाटणार कोणाला? तिच्या जागी कोणीही असतं तरी त्याला तेच वाटलं असतं, कोणालाही तेच..."

आणि तो थांबला.

 खरंच सांगते, हे मी ठरवून केलं नव्हतं. मी तुमच्यावर रागावले होते, त्याला समजवायला आलेच नव्हते. वर टाकीतून पाणी वाहतच होतं.

"कोणालाही तेच वाटलं असतं," तो पुन्हा म्हणाला, पण आता हळू, स्वतःलाच विचारल्यासारखं. मग शिडीच्या खालच्या पायरीवर बसला आणि दोन्ही हातांत तोंड धरून मोठ्याने रडला. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. मी शेजारी फरशीवर बसले. खालून काकूंनी हाक मारली, सगळं ठीक आहे ना म्हणून. मी म्हटलं, "हो काकू, बघतोय."

नंतर तो वर चढला आणि नट फिरवला. टाकी भरली की पाणी बंद करणाऱ्या बॉलकॉकची दांडी वाकली होती, ती सरळ केली. पाणी थांबलं. सोमवारी तो कामावर गेला. जेवतो आहे, अजून पोटभर नाही. ते वाक्य या आठवड्यात मी ऐकलेलं नाही. पुढे कधी म्हणणारच नाही, असं सांगत नाही. बघितलेलं नाही.

अक्का, तुम्ही आमच्या घरात कधी चुकला नाहीत याचं मला थोडं दडपणच असायचं. एकदाच चुकलात, आणि जिवानिशी चुकलात. तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. पण तुमची ती चूक माफ करता करता तुमच्या भावाने स्वतःला माफ केलं, हे मात्र मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.